कवळ्यांच्या फोल्डरमध्ये उंट

मुलुंड पश्चिमेला एल.बी.एस. रोडच्या आतल्या अंगाला एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तळमजल्यावर बटणांचे साचे करणारे, पहिल्या मजल्यावर कागदी पिशव्यावाले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या गाळ्यात चंद्रप्रकाश छेडांची लॅब. लॅब म्हटलं की लोकांना रक्ताच्या बाटल्या आठवतात. इथे दात बनतात. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि आठवड्याभरात त्याची कवळी होऊन परत जाते.

ह्या गाळ्यात सुलक्षणा खरात बत्तीस वर्षं दात बसवते आहे. तिचे वडील जालन्याकडून घाटकोपरला आले आणि महापालिकेच्या बागेत माळी म्हणून लागले. पोरीने सायन्स घेतलं म्हणून त्यांना कोण कौतुक. सुलक्षणाला जायचं होतं रक्त तपासायच्या कोर्सला. तिथे जागा भरल्या होत्या. शेजारच्या खिडकीवर दंतयांत्रिकीचा फॉर्म मिळत होता, तो तिने भरला. "यांत्रिकी म्हणजे काय गं?" वडिलांनी विचारलं. "बघू गेल्यावर," ती म्हणाली. गेल्यावर पहिल्याच दिवशी टेबलावर प्लास्टरचे चाळीस जबडे एका ओळीत मांडलेले दिसले. बरोबरच्या दोन मुली परत गेल्या. सुलक्षणाला हसू आलं, आणि ती राहिली.

मेणात दात बसवताना तिचा हात बघत राहावा असा. पुढचे दोन दात ती कधीच अगदी सरळ बसवत नाही. किंचित, केसाएवढा एक पुढे घेते. "देवाने कोणाला फूटपट्टी लावून दात दिलेत? मग मी कशाला देऊ?" असं तिचं म्हणणं. डॉक्टरलोक हे जाणून असतात. मापाच्या चिठ्ठीवर मुद्दाम लिहितात, 'सुलक्षणाताईंनाच देणे'.

पण लॅबमध्ये तिचा खरा दरारा होता तो मागच्या खोलीवर. तिथे भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ट्रेमध्ये पेशंटांचे प्लास्टरचे साचे. पूर्वी ट्रे ओळखायचे ते फळीवरच्या चिठ्ठीवरून. शहाण्णव साली दिवाळीआधी रंगारी आले, त्यांनी सगळे ट्रे खाली उतरवले आणि रंग वाळल्यावर हाताला येतील तसे वर ठेवून दिले. पंधरा दिवसांनी भांडुपच्या एका डॉक्टरांचा फोन आला. "अहो, बाई म्हणतायत हे दात माझे नाहीत. पण परत द्यायलाही तयार नाहीत. म्हणतात, माझ्यापेक्षा बरे आहेत!" ते दात मुलुंडच्या एका ड्रॉइंग मास्तरांचे होते. त्या दिवसापासून सुलक्षणा चिठ्ठीवर विसंबली नाही. प्रत्येक साच्याच्या बुडाला ती चाकूच्या टोकाने नंबर कोरू लागली. साचा कुठेही जाऊ दे, नंबर त्याच्याबरोबर.

चार वर्षांपूर्वी लॅबमध्ये स्कॅनर आला. मग कवळी तयार झाली की ती बाहेर पाठवण्याआधी स्कॅन करायची, तिची फाइल ठेवायची, असं सुरू झालं. कोपऱ्यात चंद्रप्रकाशशेठच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर ठेवला होता, त्याला सगळे सर्व्हर म्हणत. तिन्ही मशीनवरच्या मुलींच्या फायली त्याच्यात जायच्या, 'साचे' नावाच्या फोल्डरमध्ये. काम झकास चाललं होतं. ह्या मार्चमध्ये एका मंगळवारी स्कॅनरने फाइल घ्यायलाच नकार दिला. सर्व्हरच्या पोटात जागा उरली नव्हती.

"जुनं डिलीट करा ना, सुलक्षणाबेन," शेठ म्हणाले. शेठ कच्छी, जन्म मुलुंडचाच, मराठी फर्डं. "दोन वर्षांपूर्वीचं कोणाला पाहिजे?"

"ज्याचे दात आहेत त्याला पाहिजे."

"तो काय मागायला येतो?"

"शेठ, माणूस जिवंत आहे तोवर मी त्याचे दात टाकणार नाही. काय करायचं ते करा."

बत्तीस वर्षांत शेठ एक गोष्ट शिकले होते. सुलक्षणाचा आवाज खाली गेला, की विषय संपला. त्यांनी सर्वेशला फोन लावला.

सर्वेश पाटणकर हा इस्टेटमधल्या झाडून सगळ्या गाळ्यांचे कॉम्प्युटर बघायचा. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड आणि कायम घाईत. दोन दिवसांनी तो एक काळा डबा घेऊन आला. पोळ्यांच्या डब्याएवढा, पुढे चार खण, मागे पंखा. प्रत्येक खणात एक डिस्क सरकवायची आणि मागून एक केबल सर्व्हरला जोडायची.

"सर्व्हर उघडायला नको, काही नको," सर्वेश म्हणाला. "सगळी नवी जागा बाहेरच्या बाहेर. आत्ता आहे त्याच्या आठपट."

"चार डिस्क म्हणजे चार फोल्डर?" सुलक्षणाने विचारलं.

"नाही ताई. सर्व्हरला एकच मोठी डिस्क दिसणार. आतमध्ये दोन-दोनच्या जोड्या आहेत. एकीवर जे लिहिलं जाईल तेच तिच्या जोडीदारणीवर. एक मेली तरी दुसरी आहे."

"मूळ साचा आणि कामाचा साचा."

"म्हणजे?"

"आम्ही मापातून दोन साचे भरतो. एकावर काम करायचं, तो झिजतो, कधी फुटतो. दुसऱ्याला हात लावायचा नाही."

सर्वेश तिच्याकडे बघतच राहिला. "अगदी हेच! हे समजवायला मला लोकांकडे अर्धा तास लागतो, यार."

डबा कुठे ठेवायचा यावरून मात्र दोघांचं वाजलं. त्याने तो सर्व्हरच्या वरच्या फळीवर ठेवला. शेजारी घासायचं मशीन. सुलक्षणाने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि परत त्याच्या हातात दिला. "इथे दिवसभर प्लास्टर उडतं. तुझा पंखा ते सगळं आत ओढणार. आणि मशीन चालू झालं की फळी थरथरते, हात लावून बघ." त्याने हात लावून बघितला. मग सर्व्हर आणि डबा दोन्ही मागच्या खोलीत गेले, जाड रबराच्या चटईवर. तिने केबलला भिंतीतल्या खिळ्याशी दोन ठिकाणी बांधलं, कुणाचा पाय अडकून ओढली जाऊ नये म्हणून.

फायली नव्या जागी जायला दोन दिवस लागले. त्यानंतर सुलक्षणाने वही घेतली आणि जुन्या-नव्या मिळून पन्नास फायली उघडून पाहिल्या, एकेक जबडा पडद्यावर फिरवून. सगळे जागच्या जागी. तेव्हा कुठे तिने सर्वेशला चहा पाजला.

पुढचे दोन महिने डब्याची कोणाला आठवणही झाली नाही. मग मे महिन्यातला एक शुक्रवार उजाडला.

सकाळी इस्टेटमध्ये मीटर बदलायचं काम होतं, तासभर वीज नव्हती. दहा वाजता आली, मुली कामाला लागल्या. अकराला डॉक्टर माधुरींचा फोन. ह्यांचा दवाखाना मुलुंड पूर्वेला, सुलक्षणाच्या हातच्या कवळ्यांच्या जुन्या गिऱ्हाईक.

"सुलक्षणाताई, नाना घाडीगावकर आठवतात? मागच्या वर्षीचे, वरची-खालची पूर्ण कवळी?"

"मोठा जबडा. हसले की सगळे दिसतात. आठवतात की."

"कवळी गेली त्यांची."

नानांची कवळी गेली होती ती नातीच्या साखरपुड्यात. जेवताना डाळिंबाचा दाणा कवळीखाली अडकला. चारचौघांत काय करणार, म्हणून नानांनी हळूच दोन्ही कवळ्या काढल्या, कागदी रुमालात गुंडाळल्या आणि पानाशेजारी ठेवल्या. तेवढ्यात नवरामुलगा पाया पडायला आला. आशीर्वाद देऊन नाना वळतात तो पान उचललेलं. मग हॉलच्या मागे कचऱ्याचे पाच ड्रम उपसले गेले. घाडीगावकरांची दोन मुलं एका ड्रमात, नवे व्याही कुर्त्याच्या बाह्या सारून दुसऱ्यात. नव्या सोयरिकीची सुरुवात अशी झाली. कवळी काही मिळाली नाही.

"घाई काय आहे," डॉक्टर सांगत होत्या, "रविवारी संध्याकाळी त्यांच्या मंडळाचे कबड्डीचे सामने आहेत. समालोचन नाना करतात, गेली चाळीस वर्षं. नव्याने माप घेऊन केली तर आठवडा जाईल. तुमच्याकडे फाइल आहे ना?"

"आहे म्हणजे? असणारच."

"मग मी त्यांना तुमच्याकडे पाठवते. ऐकतच नाहीत, दवाखान्यात बसून राहिलेत."

अर्ध्या तासात नाना आले. अठ्ठ्याहत्तरचे, ताठ, कडक इस्त्रीचा सदरा, आणि तोंडावर रुमाल. सुलक्षणाने त्यांना खुर्ची दिली. रुमालाआडून नाना म्हणाले, "बाय, माझी थढाई गेली गो."

"काय गेली?"

नानांनी रुमाल काढला आणि सगळा जोर लावून म्हटलं, "थढाई! कबड्डीची थढाई!"

चढाई. सुलक्षणाने हसू गिळलं. "रविवारपर्यंत येईल तुमची चढाई परत. बसा." ती पडद्यासमोर बसली, 'साचे' फोल्डर उघडला.

फोल्डरमध्ये उंट होते.

पहिल्या चित्रात एक उंट. दुसऱ्यात उंटावर शेठ, डोक्याला फेटा. तिसऱ्यात शेठच्या मिसेस उंटावर चढताना, चौथ्यात उतरताना. पांढरं रण, त्याच्यावर मावळता सूर्य, आणि मग पुन्हा उंट. बत्तीस हजार दातांचा कुठे पत्ता नाही.

 मागे नाना बसले होते. "जरा मशीन गरम होतंय," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. डब्याचे चारही हिरवे दिवे लागलेले. केबल जागच्या जागी. मग तिचं लक्ष सर्व्हरच्या पुढच्या बाजूला गेलं. तिथे एक लाल पेनड्राइव्ह खोचलेला होता.

"शेठ!"

शेठ आले. "अरे हो, कालचा माझाच. कच्छच्या ट्रिपचे फोटो मुलींना दाखवायचे होते. विसरलो काढायला. का?"

 सुलक्षणाने सर्वेशला फोन लावला. तो चुलतभावाच्या लग्नासाठी चिपळूणला होता. पलीकडे हळदीचा बँजो वाजत होता.

"सर्वेश, आमच्या फोल्डरमध्ये उंट बसलेत!"

"कोण बसलंय?"

तिने सगळं सांगितलं. तो बँजोपासून लांब गेला असावा, कारण वाजवण्याचा आवाज जरा कमी झाला. "वीज गेली होती का ताई? मग बरोबर आहे. घाबरू नका, दात कुठे गेले नाहीत. मी सर्व्हरला सांगून ठेवलंय, बाहेरची जी डिस्क पहिली जागी होईल तिला 'साचे' म्हण. तुमचा डबा मोठा, त्याला जागं व्हायला वेळ लागतो. पेनड्राइव्ह पटकन जागा झाला आणि त्याच्या जागेवर जाऊन बसला. सर्व्हर बंद करा, पेनड्राइव्ह काढा, परत चालू करा."

तसं केलं. दोन मिनिटं फार लांबली. मग पडद्यावर फोल्डर उघडला आणि नंबरांच्या ओळींवर ओळी उतरल्या. घाडीगावकर, वरची, खालची. सुलक्षणाने फाइल फिरवून बघितली. पुढचे दोन दात, त्यातला एक केसभर पुढे. तिचाच हात.

"नाना, हे बघा. तुम्ही."

नाना पडद्याजवळ वाकले.  "माझेथ," ते म्हणाले. बाकीचं त्यांनी मानेनेच सांगितलं.

स्कॅनरबरोबर आलेलं, फाइलवरून कवळी छापणारं मशीन सुरू झालं. आधी गुलाबी हिरड्या, मग दात. थरावर थर, तीन तासांचं काम. नाना घरी गेले. शेठ पेनड्राइव्ह खिशात टाकून घाटकोपरला बहिणीकडे जेवायला गेले. इथे कोणीही म्हटलं असतं, झालं बाबा एकदाचं. सुलक्षणाने पुन्हा फोन उचलला.

"सर्वेश, एक सांग. तू डिस्कला खुर्चीवरून ओळखतोस? नावाने नाही?"

"तसंच काहीसं, ताई."

"शहाण्णव साली आमच्याकडे हेच झालं होतं. रंगाऱ्याने ट्रे हलवले आणि मास्तरांचे दात बाईंना गेले. डिस्कच्या बुडावर कोरलेलं काही नसतं का रे?"

 तो म्हणाला, "असतं. प्रत्येकीला तिचा स्वतःचा नंबर असतो. छत्तीस खुणांचा. तो कुठेही लावा, बदलत नाही."

"मग तो का नाही लिहिलास?"

"घाईत होतो ताई. चूक माझी. सोमवारी येऊन करतो."

"आणि उद्या परत वीज गेली तर? तू सांग, मी करते."

"ताई, काळ्या पडद्यावर टाइप करावं लागेल. माउस नाही."

"बत्तीस वर्षं मेणात नखाएवढे दात बसवतेय. छत्तीस अक्षरं बसवीन."

आधी त्याने तिला सेटिंगच्या फाइलची एक प्रत काढून ठेवायला लावली. ते तिला आवडलं. मग एकेक करून सांगितलं: हे लिहा, एंटर मारा, आता नंबर दिसेल, तो वहीत उतरवा. तिने उतरवला. मग सेटिंगच्या फाइलमधली जुनी ओळ खोडून तिथे नंबर टाइप केला, एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. आणखी एक ओळ त्याने घालायला लावली, डबा जागा होईपर्यंत सर्व्हरने थांबायचं. मग बंद, चालू.

फोल्डर रिकामा. ह्या वेळी उंटही नाहीत.

"वाट लागली," सुलक्षणा म्हणाली.

"काही लागली नाही. नंबर परत तपासा."

तिने वही पडद्याशेजारी धरली आणि दाढा जुळवताना बघतात तसं बघत गेली, एक वरची, एक खालची. बाराव्या जागी पडद्यावर सहाचा आकडा होता. वहीत तिथे सहासारखा दिसणारा छोटा इंग्रजी बी. तिच्याच अक्षराने तिला फसवलं होतं. तिने ते दुरुस्त केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. ओळींवर ओळी उतरल्या. फोनवर सर्वेशने आणि त्याच्या मागे चिपळूणला कोणीतरी एकदमच "होऽऽ" केलं. त्याचं हे सांगणं तोवर हळदीतल्या दहा जणांनी ऐकलं होतं.

एवढ्यात बाहेरून श्रुतिकाने, स्कॅनरवरच्या मुलीने, विचारलं, "ताई, आज सकाळचे माझे तीन स्कॅन कुठे आहेत? दिसत नाहीत."

सुलक्षणा थांबली. सकाळी दहापासून फोल्डर म्हणजे पेनड्राइव्ह होता. मग सकाळचे स्कॅन... तिने घाटकोपरला फोन लावला. शेठनीच उचलला. मागे टीव्ही आणि बरीच माणसं ओरडत होती.

"सुलक्षणाबेन! इथे बहिणीला फोटो दाखवायला लावला, तर सूर्यास्तानंतर तीन अनोळखी फायली आहेत. 'जबडा वरचा' असं नाव आहे. बहीण म्हणते भाऊ, हा कोणाचा?"

"शेठ, काही उघडू नका, काही डिलीट करू नका. जेवा आणि पेनड्राइव्ह घेऊन या."

चार वाजता शेठ आले, खालमानेने, हातात पेनड्राइव्ह आणि बहिणीने सगळ्यांसाठी दिलेला खाखऱ्यांचा डबा. तीन फायली आपल्या घरी गेल्या. मग सुलक्षणाने तो लाल पेनड्राइव्ह पुन्हा सर्व्हरला खोचला.

"अरे अरे, काय करता?" शेठ दचकले.

"परीक्षा घेतेय." तिने सर्व्हर बंद केला, चालू केला. दात. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दात. पेनड्राइव्ह दुसऱ्या भोकात लावून पाहिला. दात. तेव्हा तिने तो काढून शेठच्या हातावर ठेवला. "छान आलेत फोटो. वहिनींचा चढतानाचा मोठा करून लावा घरी."

शनिवारी दुपारपर्यंत कवळी घासून, चकाकून तयार झाली. संध्याकाळी डॉक्टर माधुरींनी ती नानांच्या तोंडात बसवली, वर्षभरात हिरडी जराशी बदलली होती तिथे थोडंसं घासलं, आणि नानांनी खुर्चीतच तोंड उघडून पहिला शब्द उच्चारला, "चढाई!" दवाखान्यात बाहेर बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

रविवारी सुलक्षणा नवऱ्याला घेऊन मैदानावर गेली. तिला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मैदानभर माणसं, लाल मातीचा वास, आणि लाउडस्पीकरवर नाना: "चढाईला चाललाय सुशांत... साखळी सावध... सहा जण समोर, सहाच्या सहा सिंह... आणि पकऽड! काय ती पकड, काय ती पकड!" एकेक 'स' आणि एकेक 'च' असा खणखणीत, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मोजता यावा. नाना मुद्दामच ते शब्द शोधून शोधून घेत होते, हे सुलक्षणाला बरोबर कळलं.

मध्यंतराला माइकवरून तिचं नाव आलं. "आमच्यामध्ये आज सुलक्षणाबाय खरात इल्यात," नाना म्हणाले, समालोचनाची भाषा सोडून एकदम घरच्या बोलीत. "मी आज बोलतंय ता त्यांच्यामुळे. उभ्या रवा गो बाय."

"ऊठ ना," नवरा म्हणाला.

"नको रे, काहीतरीच काय."

"ऊठ गं, सगळे बघतायत."

ती उठली. दोन हजार माणसं तिच्याकडे बघून हसत होती, आणि तिला काय करावं ते सुचेना, म्हणून तिनेही हसून घेतलं. मग शिट्टी वाजली, दुसरा डाव सुरू झाला आणि ती खाली बसून नवऱ्याला विचारू लागली, की तो चढाईवाला एक पाय उचलून मागे का टाकतो, आणि आता बाद कोण झालं.